मोडलेली टेस्ट पास झाली तेव्हा

अकरा स्क्रिप्ट होत्या. माझ्या चुकीने अकराच्या अकरा मोडल्या होत्या, पण फेल झाल्या दहाच.

लिनक्स कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. त्याच्या सोर्समध्ये टूल्स, त्यात टेस्टिंग आणि त्यात सेल्फटेस्ट्स नावाची डिरेक्टरी आहे. कर्नलला बाहेरून, एखाद्या साध्या प्रोग्रॅमसारखं खोदून बघणाऱ्या टेस्ट तिथे राहतात. कर्नलच्या पोटात शिरून एकेक फंक्शन तपासणारं केयुनिट वेगळं. ते 2020 च्या जानेवारीत 5.5 आवृत्तीबरोबर आलं आणि त्याचं घर त्यामानाने टापटीप आहे. सेल्फटेस्ट्सचं मात्र एकत्र कुटुंबातल्या माळ्यासारखं आहे: ज्याला जे ठेवायचं त्याने ते ठेवलं आणि खाली उतरून गेला. पुण्यात बसून मी या माळ्याचा एक कोपरा सांभाळतो. कुठल्या सबसिस्टिमचा ते लिहीत नाही, कारण तिचा मेंटेनर भला माणूस आहे आणि चूक त्याची नव्हती.

काम साधं होतं. एका डिरेक्टरीत वर्षानुवर्षं साचलेल्या फाइलींपैकी एकाच विषयाच्या अकरा स्क्रिप्ट वेगळ्या उपडिरेक्टरीत हलवायच्या. बाहेरच्याला वाटेल, यात काय, फाइल उचलली आणि तिकडे ठेवली. पण नवी डिरेक्टरी बिल्डच्या सूचना असलेल्या वरच्या मेकफाइलमधल्या टार्गेट्सच्या यादीत घालावी लागते, नाहीतर ती कधीच कुणी चालवत नाही आणि कुणाला कळतही नाही. स्क्रिप्टचं नाव चालवायच्या टेस्टच्या यादीत, ‘टेस्ट प्रॉग्ज’मध्ये हवं. तिला लागणारी सामायिक फाइल ‘टेस्ट फाइल्स’मध्ये हवी, नाहीतर सोर्समध्ये सगळं चालतं आणि इन्स्टॉल करून बोर्डावर नेलं की बोंब. कुठला भाग कोण सांभाळतो ते नोंदणाऱ्या मेंटेनर्सच्या फाइलीतला पाथ त्याच पॅचमध्ये, म्हणजे पाठवायच्या बदलात, बदलावा लागतो, नाहीतर पुढच्या माणसाचे पॅच भलत्याच्या इनबॉक्समध्ये जाऊन पडतात. शिवाय हलवणं एका पॅचमध्ये आणि सुधारणा दुसऱ्यात, कारण दोन्ही एकत्र केलं तर गिटला, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅमला, ही तीच फाइल आहे हे कधीकधी ओळखता येत नाही आणि मागचा इतिहास शोधणाऱ्याच्या वाटेत भिंत उभी राहते. या शिस्तीचा मला अभिमान आहे. माझ्या मॅनेजरला ती ‘नुसतं फाइली हलवणं’ वाटते आणि तिमाही आढाव्यात ती एका ओळीत मावते.

तर त्या दिवशी मी सगळं केलं आणि एकच गोष्ट विसरलो. प्रत्येक स्क्रिप्टच्या सुरुवातीला सामायिक फाइल आत ओढणारी ओळ असते. स्क्रिप्ट एक पायरी खाली गेली, ओळीतला पाथ तोच राहिला. या स्क्रिप्ट चालवणाऱ्या बॅशची गंमत अशी, की अशी फाइल सापडली नाही तर तो कुरकुर करतो आणि पुढे चालू लागतो. पुढे त्या फाइलीतली फंक्शनं बोलावली की ‘कमांड नॉट फाउंड’ आणि एक्झिट कोड 127 (शून्य म्हणजे यश, बाकी सहसा अपयश). व्हर्टमी-एनजी या हत्याराने आभासी यंत्रात कर्नल उठवला, टेस्ट सोडल्या. ‘नॉट ओके’, ‘नॉट ओके’ असं येत गेलं. कपाळावर हात मारला आणि पाथ दुरुस्त करायला घेतले.

आमच्या टीममधली सगळ्यात नवी मुलगी त्या वेळी स्क्रीन शेअरवर होती. ती मला अजून ‘सर’ म्हणते, सांगून थकलो. ती म्हणाली, “सर, सातवी ‘ओके’ कशी आली?”

“कुठली सातवी?”

“सगळ्यांत तीच फाइल मिसिंग आहे ना? मग ही एकटी पास कशी?”

वर सरकवून बघितलं. सातव्या स्क्रिप्टनेही ‘नो सच फाइल’ आणि ‘कमांड नॉट फाउंड’ ओरडून सांगितलं होतं. खाली स्वच्छ अक्षरात ‘ओके 7’. मी पाथ दुरुस्त करून पुन्हा चालवणार होतो. अकरा ओके दिसले असते आणि पॅच गेला असता. हे तिला दिसलं, मला नाही, आणि वीस वर्षांचा अनुभव कुणाला आहे ते इथे लिहायची गरज नाही.

दोष एका ओळीत होता. फंक्शनच्या आत लिहिलं होतं: ‘लोकल’, मग व्हेरिएबलचं नाव, बरोबरचं चिन्ह आणि डॉलर-कंसात तपासणीची कमांड. पुढच्याच ओळीत डॉलर-प्रश्नचिन्ह वापरून, कमांड फसली का, असं विचारलेलं. वाचताना सरळ वाटतं. पण तो प्रश्न कमांडपर्यंत पोचतच नाही, त्याला उत्तर देतो ‘लोकल’. आणि ‘लोकल’चं काम व्हेरिएबल बनवायचं, ते झालं, म्हणून तो म्हणतो शून्य, सगळं ठीक. कॉलेजातली प्रॉक्सीच ही. मित्र सिनेमाला गेलाय आणि मागच्या बाकावरून कुणीतरी ‘प्रेझेंट सर’ म्हणतंय. कमांड फसली की स्क्रिप्ट तिथेच थांबवणारं ‘सेट उणे ई’, त्याचाही अशा ओळीत उपयोग नाही, कारण त्यालाही हीच हजेरी दिसते. शेलचेक नावाचं हत्यार 2155 क्रमांकाने नेमकी हीच सूचना देतं. ते आमच्याकडे कुणी चालवत नव्हतं. कुणी म्हणजे मी.

ओळ दोन तुकड्यांत तोडली. आधी ‘लोकल’, मग वेगळ्या ओळीत नेमणूक. पाथही दुरुस्त केला. चालवलं. दहा ओके आणि सातवी फेल. या वेळी खरीखुरी.

टेस्ट अगदी साधी गोष्ट विचारत होती. सिसएफएस, म्हणजे कर्नलची सेटिंग्ज फाइलींच्या रूपात दाखवणारी जागा, तिथल्या एका फाइलीत मर्यादेबाहेरचा आकडा लिहिला तर कर्नलने तो नाकारायचा, ‘इनव्हॅलिड अर्ग्युमेंट’ म्हणायचं. डॉक्युमेंटेशनमध्येही तसंच होतं. प्रत्यक्षात कर्नल मुकाट्याने आकडा कमाल मर्यादेपर्यंत छाटून ‘लिहिलं’ म्हणत होता.

कधीपासून? गिटचं बायसेक्ट लावलं, म्हणजे नोंदलेल्या बदलांचा, कमिटांचा, पल्ला दरवेळी निम्मा करत दोषी कमिट शोधायचा. दुरुस्त स्क्रिप्ट आधी सोर्सच्या बाहेर कॉपी केली, कारण जुन्या कमिटवर गेलं की जुनी, मुकी स्क्रिप्टच परत येते. दर नऊ-दहा आठवड्यांनी एक आवृत्ती, प्रत्येकीत तेरा-चौदा हजार कमिट, असं तीन वर्षांहून थोडं मागे गेलो. सव्वादोन लाखांच्या वर कमिट, पण दरवेळी निम्मे कटतात म्हणून अठरा पायऱ्यांत काम होतं. रात्री लावून झोपलो. सकाळी गुन्हेगार म्हणून एका टचस्क्रीन ड्रायव्हरचा कमिट समोर. त्याचा आमच्या कोपऱ्याशी काडीचा संबंध नाही.

याचं कारण इतकं चिडवणारं होतं, की लिहिलंच पाहिजे. सेल्फटेस्टमध्ये ‘स्किप’ म्हणजे एक्झिट कोड 4. बायसेक्टमध्ये ‘हे सोडून दे’ म्हणजे 125, आणि 4 म्हणजे सरळ ‘वाईट’. जुन्या कर्नलांवर एक कॉन्फिग वेगळ्या नावाने होतं, म्हणून टेस्ट प्रामाणिकपणे स्किप म्हणत होती आणि बायसेक्ट तिला गुन्ह्याची कबुली समजत होता. 4 चे 125 करणारं तीन ओळींचं वेष्टण लिहिलं, कॉन्फिगही सांभाळलं. पुन्हा लावलं तो नेमका गुरुवार, दुपारी वीज गेली. संध्याकाळी जिथे होतं तिथून पुढे सुरू केलं.

या वेळी कमिट बरोबर सापडला. तीन वर्षांपूर्वीची साफसफाई: तपासून नाकारणाऱ्या चार ओळी काढून त्याजागी आकडा मर्यादेत छाटणारा एक ‘क्लॅम्प’. दिसायला सुरेख. वाकून चांगलं वाचल्याशिवाय वागणूक बदलल्याचं कळणार नाही असा. खाली ओळीने टॅग होते, आणि शेवटून दुसऱ्या ओळीत ‘टेस्टेड-बाय’. पुढे माझं नाव, माझा पत्ता.

मला तो दिवस आठवत नाही, पण काय झालं असेल ते दिसतं. पॅच लावला, या अकराच्या अकरा टेस्ट चालवल्या, सगळीकडे ओके बघितलं, चहा संपायच्या आत उत्तर पाठवलं. मी खोटं बोललो नव्हतो. चालवल्या होत्याच. सातवीसुद्धा.

मी मेंटेनरला सगळं सविस्तर लिहिलं आणि जुनी वागणूक परत आणणारा पॅच जोडला. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, नेहमीसारखं सौम्य. तीन वर्षं हे असं बाहेर गेलंय. कुणाची तरी स्क्रिप्ट बूटच्या वेळी मोठा आकडा लिहून कर्नल तो छाटेल यावर विसंबलेली असणार. आता नाकारायला लागलो तर तिचं यंत्र मोडेल. युजरस्पेस (कर्नलवर चालणारे बाकीचे प्रोग्रॅम) मोडायचं नाही, हा लिनक्सचा जनक टॉरवाल्ड्सने वर्षानुवर्षं लावून धरलेला नियम, त्याच्याशी मी कुठे वाद घालणार? डॉक्युमेंटेशनमधलं वाक्य बदलायचं ठरलं, आणि टेस्टही. म्हणजे जी टेस्ट तीन वर्षांनी पहिल्यांदा खरं बोलली, तिचं अपेक्षित उत्तर मी स्वतःच्या हाताने उलटं केलं. आता आकडा छाटला तर पास.

नियम मला पटतो. तरी ती ओळ खोडताना बरं वाटलं नाही.

त्यानंतर आमच्या कोपऱ्यात शेलचेक फिरवलं. 2155 पुष्कळ ठिकाणी निघालं, बहुतेक जागी निरुपद्रवी, कारण तिथे एक्झिट कोड कुणी विचारतच नाही. पण कुठली जागा कुठली हे एकेक उघडूनच बघावं लागतं. आम्ही दोघं वाटून बघतोय. ती अगोदर प्रत्येक टेस्ट मुद्दाम मोडते, फेल झाली की मगच पुढे जाते. हे मी तिला शिकवलेलं नाही.

दुरुस्तीच्या पॅचला ‘फिक्सेस’ टॅग लावायचा असतो, म्हणजे मूळ चूक ज्या कमिटमध्ये झाली त्याच्या हॅशची, म्हणजे ओळख-क्रमांकाची, पहिली बारा अक्षरं. मी ‘लोकल’वाल्या ओळीच्या कमिटचा हॅश घातला. क्लॅम्पच्या कमिटचाही घालून ठेवला होता, पाठवायच्या आधी काढला. आता ती चूक राहिलेली नाही, नियमाप्रमाणे तीच बरोबर वागणूक आहे.