एमा हट्टी नव्हती

पॅरिसमध्ये आयफेल टॉवर, लूव्र, बोटीतली फेरी सगळं झालं, छान झालं, पण त्यावर इतक्या जणांनी लिहिलंय की मी परत लिहीत नाही. मला लिहायचंय ते ल पेलतिए नावाच्या एका रस्त्याबद्दल, आणि तिथे एका गाईडने सहज टाकलेल्या वाक्याबद्दल, कारण ते वाक्य घरी आल्यावरही डोक्यातून जात नाहीये.

माझी मावसबहीण तिकडेच नोकरी करते, तिला मी ताई म्हणते. जुन्या थिएटरांची वॉकिंग टूर आहे, जाऊया का, असं ताईनेच विचारलं. रिशलिए-द्रुओ मेट्रोला उतरून मोठ्या बुलवारवरून जरा चाललं की हा रस्ता लागतो. ऑफिसं, पार्क केलेल्या स्कूटर, जेवणाच्या सुट्टीत सँडविच खात घाईने चाललेली माणसं. 1821 पासून पॅरिसचा ऑपेरा इथे होता हे सांगूनही पटत नाही, कारण 1873 मध्ये ते थिएटर आगीत गेलं आणि आता त्यातलं काहीच उरलेलं नाही. गाईड म्हणाला, इथे एक बॅलेरिना सुंदर दिसायच्या हट्टापायी जळून मेली. ग्रुपमधले सगळे 'ओह्' म्हणाले आणि पुढच्याच मिनिटाला तो कोपऱ्यावरच्या चॉकलेटच्या दुकानाबद्दल सांगायला लागला.

मला इतका राग आला की मी तिथेच थांबले. ताईने ग्रुपला पुढे जाऊ दिलं आणि आम्ही दोघी फुटपाथवरच उभ्या राहिलो. मी आधी थोडं वाचून गेले होते म्हणून मला माहीत होतं की तो एमा लिव्री या बॅलेरिनाबद्दल बोलतोय, आणि तिची गोष्ट अशी एका ओळीत उडवून टाकण्यासारखी अजिबात नाही.

सुरुवात तिच्याही आधीची. 12 मार्च 1832 ला याच थिएटरात मारी तालिओनी ही नर्तिका 'ला सिल्फीद' नावाचा बॅले नाचली, पांढऱ्या, घंटेसारख्या फुललेल्या, पोटरीपर्यंतच्या स्कर्टमध्ये, खाली थरावर थर. तो पोशाख ओजेन लामीने आखला असं मानतात. बघणाऱ्यांना वाटलं ही बाई जमिनीला टेकतच नाहीये. पुढे 1841 चा 'जिझेल' हा बॅले आला आणि पांढरा स्कर्ट म्हणजेच बॅले असं होऊन बसलं. हे शक्य झालं कारण इंग्लंडमध्ये जॉन हीथकोटने 1809 मध्ये जाळी विणायच्या मशीनचं पेटंट घेतलं होतं, आधी जी जाळी हाताने विणावी लागायची ती आता थानांनी मिळायला लागली. टूल आणि टारलटान, दोन्ही विरळ विणीची कापडं, आपल्या मच्छरदाणीसारखी, आतून हवाच हवा. आणि रंगमंचावर उजेड कसला, तर गॅसचा, उघड्या ज्योतींचा. पंधरा-वीस थर हवा भरलेलं सुती कापड आणि बाजूला उघडी ज्योत, यात हट्ट कुणाचा आणि काय?

हा धोका कुणाला माहीत नव्हता असंही नाही. 1844 च्या डिसेंबरमध्ये लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात क्लारा वेबस्टर नाचता नाचता पेटली आणि तीन दिवसांत गेली. फ्रान्समध्ये 1859 ला बादशाही फर्मान निघालं की रंगमंचावरचं कापड कार्तरों नावाच्या माणसाच्या पद्धतीने, म्हणजे क्षारांच्या पाण्यात बुडवून, आगीपासून सुरक्षित करायचं. पण त्या पाण्यातून काढलेला स्कर्ट कडक व्हायचा, मळकट दिसायचा, हवेत तरंगायचाच नाही. आणि तरंगणं हेच तर त्या मुलींचं काम होतं, त्याचेच पैसे मिळायचे, त्यावरच पुढची भूमिका ठरायची.

एमा 16 वर्षांची असताना 'ला सिल्फीद'मधूनच स्टेजवर आली. तिचं नाव ऐकून खुद्द तालिओनी पॅरिसला परत आली, तिला शिकवलं आणि 1860 मध्ये तिच्यासाठी 'ल पापियों' म्हणजे फुलपाखराचा बॅले बसवला, संगीत ऑफेनबाखचं. त्यात फुलपाखरू झालेली नायिका मशालीकडे ओढली जाते आणि तिचे पंख जळतात. त्याच वर्षी एमाने ऑपेराच्या डायरेक्टरला पत्र लिहिलं की मी माझ्या नेहमीच्या स्कर्टमध्येच नाचणार, काही झालं तर जबाबदारी माझी. 18 वर्षांची मुलगी! तिच्याकडून असं पत्र घेणारं ऑफिस होतं, त्यावर ती नाचत राहिली, तिकिटं विकली जात राहिली, आणि आज सगळे फक्त त्या मुलीच्या सहीकडे बोट दाखवतात.

15 नोव्हेंबर 1862 ला 'ला म्यूएत द पोर्तिची' या ऑपेराची रंगीत तालीम होती. बसताना चुरगळू नये म्हणून तिने स्कर्ट वर उचलून झटकला, वारा ज्योतीला लागला आणि सगळं एकदम पेटलं. ती स्टेजवर धावत सुटली, एका फायरमनने तिला ओल्या ब्लँकेटमध्ये गुंडाळलं तोवर फार उशीर झाला होता. आठ महिने बिछान्यात काढून 26 जुलै 1863 ला ती गेली, 20 वर्षांची.

त्या आठ महिन्यांत कुणीतरी तिला त्या सुरक्षित स्कर्टबद्दल विचारलं तेव्हा ती म्हणाली म्हणे की ते आहेत खरे कमी धोक्याचे, पण मी परत स्टेजवर गेले तर ते घालणार नाही, फार कुरूप आहेत. गाईड लोक हट्टाची गोष्ट सांगतात ती यावरूनच. मला यात 'परत स्टेजवर गेले तर' एवढंच ऐकू येतं. अंगाची कातडी गेलेली मुलगी पुढच्या कामाचा विचार करत होती हो.

दुसऱ्या दिवशी ओर्से म्युझियमला गेलो, गर्दी भयंकर, मोने आणि व्हॅन गॉगच्या खोल्यांत श्वास घ्यायला जागा नाही. देगा या कलाकाराची 'चौदा वर्षांची छोटी नर्तिका' ही मूर्ती मात्र बराच वेळ बघता आली. अंग ब्राँझचं आणि स्कर्ट खऱ्या कापडाचा. काचेला नाक लावून बघितलं, कड विसविशीत झालेली, रंग धुळीसारखा, वेणीला सॅटिनची रिबीन. मूळ मेणाची मूर्ती 1881 मध्ये पहिल्यांदा मांडली तेव्हा लोकांनी नावं ठेवली होती. ज्या मुलीवरून केली ती मारी व्हान गोएथेम, गरीब घरातली, ऑपेराच्या शाळेत नाचणारी. तो लोंबणारा, वापरून वापरून थकलेला स्कर्ट बघितल्यावर मला पहिल्यांदा नीट कळलं की टुटू, म्हणजे हा बॅलेचा स्कर्ट, हा रोजचा कामाचा कपडा होता.

स्कर्ट आखूड होत गेला तो नंतर, इटालियन नर्तिकांची गिरक्यांची, पायांची करामत लोकांना दिसायला हवी म्हणून. व्हिर्जिनिया झुक्कीने 1880 च्या दशकात सेंट पीटर्सबर्गमध्ये कापून टाकला तो याच कारणाने. 1881 ला लंडनचं सॅव्हॉय थिएटर विजेच्या दिव्यांवर गेलं, मग हळूहळू बाकीची.

शेवटी मोंमार्त्रच्या दफनभूमीत गेलो. आव्हन्यू राशेलवरून आत जायचं, डोक्यावरून लोखंडी पूल जातो, वर गाड्या आणि खाली कबरी. तिथे तालिओनी नावाच्या कबरीवर बॅलेचे शूज ठेवलेले दिसतात, पावसाने शेवाळलेले, रिबिनी कुजलेल्या. पण ती कबर मारी तालिओनीच्या आईची आहे, मारी स्वतः पेर लाशेझ या दुसऱ्या दफनभूमीत आहे. एमा मात्र इथेच, मोंमार्त्रमध्येच आहे, आणि आम्ही गेलो त्या दिवशी तिच्याकडे एकही शूज नव्हता. ताई म्हणाली, नाव माहीत असेल तर येतील ना लोक. तुमच्यापैकी कुणाची मुलगी बॅले शिकत असेल, कुणी पॅरिसला जाणार असेल, तर गेटवर नकाशा मागून घ्या आणि आधी एमाकडे जा.