तुम्ही विचारलंत म्हणून: बिल ट्रेलर वर्गात कशासाठी?

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटपासून कलाशिक्षणाच्या पदवीपर्यंतच्या सगळ्या पायऱ्या रीतसर चढलेली बाई अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या शाळेत मुलांना बिल ट्रेलरसारख्या कधीही चित्रकला न शिकलेल्या माणसांची चित्रे का शिकवते, हा प्रश्न मला इथले पालक विचारतात, सहकारी विचारतात आणि सुटीत पुण्याला आले की नातेवाईकही विचारतात. विचारणाऱ्यांच्या सुरात कुतूहल कमी आणि तक्रार जास्त असते. ज्यांना यथार्थदर्शनाचे, म्हणजे सपाट कागदावर खोली आणि अंतर दाखवण्याचे, नियम ठाऊक नव्हते त्यांच्याकडून मुलांनी काय घ्यायचे, असा तो सूर असतो. इतकी वर्षे मी हसून वेळ मारून नेली. आता सविस्तर उत्तर देते.

चित्रकला शिकावी लागत नाही, असे मी वर्गात कधीही सांगत नाही. अमेरिकन चित्रकार होरेस पिप्पिनचा उजवा हात पहिल्या महायुद्धात गोळी लागून अधू झाला होता आणि तो उजव्या हाताला डाव्या हाताचा आधार देऊन रंगवत असे. शिल्पकार विल्यम एडमंडसन अमेरिकेतल्याच नॅशव्हिल शहरात टाकून दिलेल्या चुनखडीच्या दगडांतून थडग्यांवरचे दगड आणि मूर्ती घडवत होता. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने 1937 मध्ये त्याचे एकल प्रदर्शन भरवले आणि तिथे असा मान मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय कलावंत ठरला. ही माणसे शिकली नाहीत असे म्हणणे मला पटत नाही. त्यांना शिकवायला कोणी नव्हते, इतकेच.

पुण्यातला पुढचा प्रश्नही ठरलेला असतो: म्हणजे आपल्या वारलीसारखेच ना? नाही. जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्र कागदावर आणले तेव्हा त्यांच्यामागे भिंतीवर लग्नाचा चौक लिहिणाऱ्या बायकांच्या पिढ्या उभ्या होत्या. अलाबामातल्या गीज बेंड गावच्या गोधड्यांशी ही तुलना काही अंशी जुळेल, कारण तिथे आईकडून मुलीकडे हात जात राहिला आणि 2002 मध्ये त्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात टांगल्या गेल्या. बिल ट्रेलरच्या मागे मात्र अशी चित्रपरंपरा नव्हती. सुमारे 1853 मध्ये गुलामगिरीत जन्मलेला हा शेतमजूर ऐंशी ओलांडल्यावर अलाबामातल्या माँटगोमेरी शहराच्या मनरो रस्त्यावर बसून टाकाऊ पुठ्ठ्यांवर चित्रे काढू लागला आणि साधारण 1939 ते 1942 या काळात त्याने हजाराहून अधिक चित्रे केली.

ट्रेलरबद्दल मी ज्या क्रमाने सांगत असे, त्या क्रमावरून एका पालकसभेत जे घडले ते सांगितल्याशिवाय माझे उत्तर पुरे होणार नाही. सभा संपली, बाकीचे पालक निघून गेले आणि एका विद्यार्थ्याचे वडील थांबले. ते कृष्णवर्णीय होते, त्यांचे आजोळ माँटगोमेरीजवळचे होते आणि मुलाची वही त्यांनी बारकाईने वाचली होती. ते म्हणाले, आधीच्या आठवड्यात तुम्ही फ्रेंच चित्रकार मातिस शिकवलात, तेव्हा पहिल्या स्लाइडवर मातिसचे चित्र होते. ट्रेलरच्या पहिल्या स्लाइडवर मात्र तो गुलाम होता, त्याला लिहिता-वाचता येत नव्हते आणि तो एका अंत्यसंस्कार करणाऱ्याच्या दुकानात मागच्या बाजूला झोपत असे, एवढेच होते. माझ्या मुलाने चित्र पाहण्याआधी त्याची कीव केली, आणि घरी येऊन मला विचारले की आपलेही पूर्वज असेच होते का.

मी लगेच बचावाला उभी राहिले. हे आयुष्य वगळले तर चित्रांतले काठीवाले म्हातारे, दारूच्या बाटल्या, छपरांवर चढणारी आणि कुऱ्हाडी उगारणारी माणसे कुठून आली हे कळणारच नाही, असे मी त्यांना सांगितले. ते शांतपणे ऐकत राहिले. मग भिंतीवर लावलेल्या प्रतीकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, या माणसाचा तोल असा पुढे का गेला आहे? मी ट्रेलरच्या संधिवाताबद्दल बोलू लागले. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, मी चित्रातल्या माणसाबद्दल विचारले होते. पुठ्ठ्याचा एक कोपरा तुटलेला आहे, आणि ट्रेलरने तो माणूस नेमका त्या तिरक्या कडेच्या बाजूला झुकवला आहे. हे त्यांना दिसले होते आणि पदवीधर असलेल्या मला त्या क्षणी दिसत नव्हते. चार्ल्स शॅनन या तरुण चित्रकाराने ट्रेलरला चांगला कागद आणून दिला तरी त्याला वेडेवाकडे, डाग पडलेले पुठ्ठेच अधिक आवडत, ही माहिती मी वर्गात दर वर्षी सांगत आले होते. पण त्याच्या साधेपणाची गोष्ट म्हणून, रचनेची म्हणून नव्हे.

तरीही त्यांचे म्हणणे मी पूर्णपणे मान्य केलेले नाही. नोकरीच्या सुरुवातीला मी नेमके तेच करत असे: आयुष्य बाजूला ठेवून फक्त आकार, सपाट रंग आणि मोकळी जागा दाखवत असे. मुलांनी ट्रेलरसारखे निळे कुत्रे रंगवले, ते कॉरिडॉरमध्ये लागले, सगळ्यांनी कौतुक केले, आणि त्याच्या चित्रांतली माणसांच्या मागे लागलेली माणसे अलाबामातल्या कोणत्या काळात राहत होती हे एकाही मुलाने विचारले नाही. तेव्हाची मी आज समोर आली तर म्हणेल की निदान मुलांनी कीव तरी केली नाही. मी तिला म्हणेन की त्यांनी काहीच केले नाही. या भांडणात कोण जिंकते आहे हे मला अजून ठरवता आलेले नाही.

सध्या मी पहिल्या तासाला फक्त चित्र ठेवते आणि त्याबद्दल लिहिताना गरीब, गुलाम, अशिक्षित हे शब्द वापरायचे नाहीत असे सांगते. दुसऱ्या तासाला आयुष्य येते, आणि त्याच्याबरोबर पैसाही येतो: 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या त्याच आधुनिक कला संग्रहालयाने ट्रेलरच्या चित्रांना एक-दोन डॉलर देऊ केले आणि शॅननने ते नाकारले; पुढे 1990 च्या दशकात ट्रेलरच्या वारसांनी शॅननवरच दावा लावला आणि तो तडजोडीने मिटला. मुले सर्वाधिक चिडतात ती इथे, आणि हे चिडणे मला कीव करण्यापेक्षा कितीतरी बरे वाटते. काही पालकांना ते आवडत नाही. चित्रकलेच्या तासाला कोर्टकचेरी कशाला, असे ते विचारतात.

लुइझियानाच्या मेलरोज मळ्यावर राबलेल्या क्लेमेंटाइन हंटर या चित्रकर्तीच्या बाबतीत ही युक्ती चालणार नाही, हे मला दिसते आहे. कापूस वेचणे, कपडे धुणे, बाप्तिस्मा, अंत्ययात्रा हेच तिच्या चित्रांचे विषय आहेत, त्यामुळे मळा बाजूला ठेवला तर चित्रात पाहायला फारसे उरतच नाही. 1955 मध्ये तिच्याच चित्रांचे प्रदर्शन एका महाविद्यालयात लागले होते, तेव्हा गोऱ्या प्रेक्षकांबरोबर आत जाण्याची तिला मुभा नव्हती. ही गोष्ट चित्रांच्या आधी सांगायची की नंतर, हे मला पुढच्या सत्रापूर्वी ठरवावे लागेल, आणि त्या वडिलांचा धाकटा मुलगा त्या वर्गात असणार आहे.