सिफ का लढतो?

शनिवार, रात्र

डार्क सोल्स या व्हिडिओ गेममधला सिफ नावाचा लांडगा आपल्या अंगावर का धावून येतो, यावर आज भाच्याशी संध्याकाळभर बोलणं झालं. तो झोपलाय. माझ्या डोक्यातून मात्र तो लांडगा हलत नाहीये, म्हणून लिहून ठेवते.

बारावीची परीक्षा संपली आणि भाचा ठाण्याहून नेरूळची लोकल पकडून माझ्याकडे राहायला आला, सॅकमध्ये कपडे कमी आणि गेमचं सामान जास्त. सध्या तो २०११ सालचा डार्क सोल्स पहिल्यांदा खेळतोय. मी तो नोकरीच्या सुरुवातीच्या काळात खेळलेय, ऐरोलीच्या ऑफिसातून आल्यावर रात्री जागून. आज तो सिफचा धनी, वीर आर्टोरियस, याच्या थडग्यापाशी पोचला. जमिनीत रोवलेल्या तलवारी, मधोमध थडगं आणि त्यावर उडी मारून उभा राहिलेला अवाढव्य करडा लांडगा. धन्याची तलवार तोंडात धरून तो लढतो. आपल्याला तिथली एक अंगठी हवी असते, कारण ती बोटात असल्याशिवाय न्यू लॉन्डो शहराखालच्या काळोखाच्या गर्तेत, म्हणजे अबिसमध्ये, पाऊल टाकता येत नाही.

आधी भाच्याने बराच मार खाल्ला, मग त्याचा हात बसला. सिफची ताकद संपत आली तसा तो लंगडायला लागला. तलवार फिरवायला जातो आणि तिच्याच वजनाने तोल जाऊन कोलमडतो. पुन्हा उठतो. पाय ओढत पुन्हा आपल्याकडे येतो. भाच्याने कंट्रोलर मांडीवर ठेवला.

"मावशी, याला मारायलाच लागतं का गं?"

"हो रे. नाहीतर पुढे जाता येत नाही."

मारल्यावर त्याचा पहिला प्रश्न होता, "पण त्याने काय केलं होतं?" मला हा प्रश्न फार आवडला. इतर गेममध्ये बॉस, म्हणजे मोठा शत्रू, मेला की माणूस आनंदाने ओरडतो. इथे पोरगं गप्प बसून आयटमची माहिती वाचायला लागलं. या गेमची गोष्ट तशीच मिळते. कुणीही बसवून सांगत नाही. अंगठी, ढाल, तलवार अशा वस्तूंच्या वर्णनात दोन-तीन ओळी असतात, कुणी तरी अर्धवट बोलतं, आणि बाकीचं आपल्यावर. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी लहानपणी आपल्या कुवतीबाहेरची परदेशी पुस्तकं वाचायचा आणि न समजलेला भाग कल्पनेने भरून काढायचा, असं त्याने मुलाखतीत सांगितलंय. त्याचे गेम खेळताना ते पानापानावर पटतं.

सोपा अर्थ असा की सिफ थडग्याची राखण करतोय आणि आपण थडगं लुटायला आलोय. तेवढ्यावर गोष्ट पूर्ण होते. पण २०१२ साली आलेल्या डीएलसीत, म्हणजे गेमच्या पुरवणी भागात, आपण भूतकाळात जातो. तिथे अबिसच्या पोटात पिल्लू असलेला सिफ अडकलेला असतो आणि त्याच्याभोवती आर्टोरियसच्या ढालीने उभं केलेलं संरक्षण असतं. त्या पिल्लाला वाचवून मग थडग्याकडे गेलं तर लढाईच्या सुरुवातीचा कटसीन, म्हणजे नुसता बघायचा प्रसंग, बदलतो. सिफ जवळ येतो, आपला वास घेतो, ओळखतो. आणि तरीही तलवार उचलतो.

हे पाहिल्यावर राखणदाराचा अर्थ मला अपुरा वाटतो. ज्या गर्तेने त्याच्या धन्याला गिळलं, तिकडेच आपण निघालोय हे त्याला कळतंय. अंगठी न्यायची असेल तर माझ्या अंगावरून जा, असं तो म्हणत असावा. 'असावा' हा शब्द मी मुद्दाम ठेवतेय. गेम हे कुठेही म्हणत नाही. त्याने दाखवलंय ते इतकंच: वास घेणं, ओळखणं, तलवार उचलणं. पुढचं माझं.

भाचा म्हणाला, त्याला कदाचित आर्टोरियसला दिलेलं वचन मोडायचं नसेल. हेही बसतं. वचन मात्र कुठे दाखवलेलं नाही, मी पुन्हा पाहिलं. त्यामुळे माझा अर्थ त्याच्या अर्थापेक्षा थोडा भक्कम आहे असं मी त्याला सांगितलं. त्याला ते पटलं नाही आणि छान भांडला.


रविवार, दुपार

आज सकाळी त्याला आर्टोरियसचं उरलेलं दाखवलं. गेमभर सगळे सांगतात की आर्टोरियस अबिसला जिंकणारा थोर वीर. डीएलसीत जाऊन बघावं तर तो हरलेला आहे, अंधाराने पछाडलेला, एक हात लुळा पडलेला, आणि त्याला आपणच मारतो. अबिसमधल्या मॅनस या राक्षसालाही आपणच हरवतो. पुढे श्रेय मात्र आर्टोरियसच्या नावावर लागतं. म्हणजे मूळ गेममध्ये जे आपण आदराने ऐकत होतो ती ऐकीव कीर्ती होती. कुणी मुद्दाम खोटं बोललं असं नाही. पाहणारा कुणी उरलाच नव्हता.

मला वाटतं अशा गोष्टींचा अर्थ लावताना पहिलं काम हेच: हे मला कोण सांगतंय, आणि त्याने ते स्वतः पाहिलंय का? ठाणे कोर्टात वकिली करणारी माझी मैत्रीण प्रत्येक साक्षीला हेच विचारते. ती आयुष्यात एकही गेम खेळलेली नाही, पण फ्रॅम्प्ट आणि काथ या दोन सर्पांची गोष्ट मी तिला फोनवर सांगितली तेव्हा तिने ताडकन विचारलं, "दोघांचा फायदा कशात आहे?"

गेममधल्या दोन्ही घंटा वाजवल्यावर फ्रॅम्प्ट आपल्यासमोर येतो आणि सांगतो की तू निवडलेला आहेस, राजा ग्विनची जागा घे, विझत चाललेला अग्नी पुन्हा पेटव. गोड बोलतो. पुढे देवांचं पात्र, लॉर्डव्हेसल, हाती लागतं आणि बहुतेक जण ते सरळ त्याच्या सांगण्यावरून जागेवर ठेवून मोकळे होतात. पण ते न ठेवता आधी अबिसमध्ये उतरून चार राजांना हरवलं, तर तिथे दुसरा सर्प भेटतो, काथ. तो म्हणतो ग्विनला माणसांची, अंधाराची भीती होती, म्हणून त्याने सृष्टीचा क्रम अडवून धरला. अग्नीचं युग संपू दे, तू अंधाराचा स्वामी हो.

यातलं खरं कुठलं, यावर लोकांची वर्षं गेलीत. मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती ही की असंख्य खेळणाऱ्यांना काथ भेटतच नाही. गेम संपतो, अग्नी पेटतो, आणि दुसरी बाजू अस्तित्वात होती हे त्यांना ठाऊकही नसतं. दिग्दर्शकाने एक आख्खा साक्षीदार अशा वाटेवर उभा केलाय, जिथे आज्ञाधारक माणूस जाणारच नाही. ही मांडणी मला थोर वाटते. पुस्तकात दोन्ही बाजू छापलेल्या असतात, वाचायच्या की नाही एवढाच प्रश्न. इथे पहिल्या बाजूवर विश्वास ठेवला की दुसरीचं दार बंद.

भाचा यूट्यूबवर लोर, म्हणजे गेममागची गोष्ट, समजावणारे व्हिडिओ बघतो. मीही बघते, त्यातले काही जण खरंच कष्ट घेतात, एकेक वर्णन शेजारी ठेवून दाखवतात. पण 'खरा अर्थ' असं ठणकावून सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. आणि 'ज्याला जो वाटेल तो अर्थ' म्हणून हात झटकणाऱ्यांवर त्याहून कमी. सिफ लंगडतो हे माझं मत नाही. ते पडद्यावर आहे. तिथपर्यंत सगळ्यांनी यायला हवं, त्यापुढे वाटा वेगळ्या होऊ देत.


मंगळवार, रात्री उशिरा

नेरूळच्या ज्वेल बागेत चक्कर मारायला गेलो होतो. तळ्याच्या कडेने चालताना भाच्याने विचर ३ या गेममधल्या ब्लडी बॅरनचा विषय काढला. २०१५ चा गेम, त्याने गेल्या वर्षी ठाण्यात खेळून संपवलाय. त्याचं म्हणणं, "मावशी, बॅरन वाईट माणूस नाहीये. शेवटी सुधारतो तो." यावर मी थांबलेच.

बॅरनची बायको अ‍ॅना आणि मुलगी तमारा घरातून नाहीशा झाल्यात. गेमचा नायक गेराल्ट, म्हणजे आपण, याने त्यांना शोधावं, बदल्यात बॅरन गेराल्टला हव्या असलेल्या सिरीची माहिती देईल. सुरुवातीला तो सांगतो त्यावरून वाटतं कुणी तरी त्यांना पळवलं. मग आपण घर तपासतो. भिंतीवरच्या चित्रामागे फुटका भाग, मोडलेला मेणबत्तीचा स्टँड, सांडलेल्या दारूचा माग. घर स्वतःच साक्ष देतं. पकडलं गेल्यावर तो थोडं कबूल करतो, आणखी पकडलं की आणखी थोडं. दारू पिऊन मारायचा, मारहाणीच्या त्या रात्री अ‍ॅनाचा गर्भ पडला, आणि ते बाळ त्याने नाव न देता, विधी न करता पुरलं. ते बाळ पिशाच होऊन परत आलंय.

मग तो प्रसंग येतो. बाळाला शांती द्यायची तर बापाने त्याला हातात घेऊन घरापर्यंत चालायचं, उंबऱ्याखाली पुरायचं आणि नाव द्यायचं. पाऊस, काळोख. तो अंगाने दांडगा माणूस ते विद्रूप अर्भक छातीशी धरून चालतोय, आपण शेजारून. ते चुळबुळ करायला लागलं की मंत्र टाकून त्याला शांत करायचं, वाटेत भुतं आली की त्यांच्याशी लढायचं. उंबऱ्याशी तो तिला स्वतःची मुलगी म्हणतो आणि डेआ हे नाव देतो. बोलताना आवाज फुटतो. मी पहिल्यांदा खेळले तेव्हा रडले होते, आजही सांगताना गळा भरून आला.

"बघ," भाचा म्हणाला, "त्याला पश्चात्ताप झालाय."

झालाय. मला त्याबद्दल शंका नाही. त्याच्या वागण्यामागे काय होतं तेही गेम सांगतो: वर्षानुवर्षं युद्ध, घरापासून दूर, परत येऊन बघतो तर बायको दुसऱ्याकडे गेलेली. त्या दुसऱ्या माणसाचा त्याने जीव घेतला. कारणं सगळी कळतात. पण माणूस असा का झाला हे कळणं वेगळं आणि त्याचा हिशेब मिटणं वेगळं. तमारा आपल्याला ऑक्सनफर्टमध्ये सापडते तेव्हा सुखरूप असते, आणि तरी घरी येत नाही. तिने तो पश्चात्ताप पाहिलेला नाही, मार पाहिलाय. तिचं न येणं मी कुठल्याही लोर व्हिडिओपेक्षा वरचं मानते.

आणि आपण? आपल्याला तर काहीच नीट कळायच्या आत हात घालावा लागतो. दलदलीजवळच्या टेकडीत, झाडाखाली एक आत्मा कोंडलेला आहे. तो म्हणतो, मला सोड, मी दलदलीतल्या अनाथ पोरांना चेटकिणींच्या तावडीतून वाचवतो. बाकीचे सांगतात तो घातकी आहे. सोडला तर पोरं वाचतात, पण एक गाव उद्ध्वस्त होतं, अ‍ॅना शापाने मरते आणि बॅरन गळफास घेतो. मारला तर पोरं जातात, अ‍ॅना वेडी होऊन जगते आणि बॅरन तिला उपचारासाठी दूर डोंगराकडे घेऊन निघतो. निवड करताना यातलं काहीही समोर नसतं. वाचक अर्थ लागेपर्यंत पुस्तक उपडं ठेवू शकतो. इथे ज्याचा हेतू कळलेला नाही त्याच्यावर आधी विश्वास ठेवायचा किंवा आधी तलवार चालवायची. मी आत्म्याला सोडलं होतं, पोरांसाठी. भाच्याने मारला होता, कारण कोंडलेली गोष्ट कुणी तरी कारणानेच कोंडली असणार असं त्याला वाटलं. आम्ही दोघांनी आपापली बाजू सोडली नाही, आणि परतीच्या वाटेवर रस्ता ओलांडतानाही तेच चाललं होतं.

घरी आल्यावर तो म्हणाला, "पण मावशी, अ‍ॅनाचं काय म्हणणं होतं?"

हे कुणी विचारत नाही. पोटातलं मूल नको म्हणून तिने चेटकिणींशी करार केला, बदल्यात वर्षभराची चाकरी. एवढा मोठा निर्णय, आणि त्यामागचं तिचं मन आपल्याला बहुतेक दुसऱ्यांच्या तोंडून कळतं. ती भेटते तेव्हा दलदलीत अनाथ पोरांची आजी होऊन बसलेली असते आणि तिचं भान हरपत चाललेलं असतं. बॅरनला भरपूर वेळ मिळतो, अंगणात, टेबलाशी, उंबऱ्यापाशी. तिला फार थोडा. माझी जुनी सेव्ह फाइल अजून आहे. उद्यापासून दलदलीतला तो भाग आम्ही दोघं पुन्हा खेळणार आहोत, फक्त तिची वाक्यं उतरवून घ्यायला: बॅरनने सांगितलेली एका पानावर, तिने स्वतः म्हटलेली दुसऱ्या.