निफाडचा पारा आणि आपलं अंगण

सोमवार
आभाळ भरून आलं आणि थंडी पळाली. उत्तरेत पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी कमी दाबाची प्रणाली, सरकत असला की नाशिकवर असे ढग येतात. दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता सोडते, ढग ती परत खाली पाठवतात, म्हणून पहाटेही शाल लागत नाही. शहरातले लोक खूश. द्राक्षवाले मात्र नाहीत, कारण ढगाळ हवा आणि सौम्य गारवा भुरी या द्राक्षावरच्या बुरशीरोगाला मानवतो. भुरीला पानावर पाणी लागत नाही, दमटपणा पुरतो. पानावर किंवा मण्यावर राखेसारखा पांढरा थर बोटाने पुसला जातो, पण पुसलेल्या जागी साल तपकिरी झालेली दिसते. ही खूण एकदा नीट बघून ठेवावी, पुढे चुकत नाही.

मंगळवार
पहाटे तुरळक थेंब. पाऊस किती मिलिमीटर पडला यापेक्षा पान किती तास ओलं राहिलं, हे लिहून ठेवावं. डाऊनी या द्राक्षावरच्या दुसऱ्या बुरशीरोगाला पानावर सलग काही तास पाणी लागतं. वर तेलकट पिवळा डाग आणि पान उलटलं की बरोबर त्याच्याखाली पांढरी लव, म्हणजे डाऊनी. नुसता पिवळेपणा पाहून औषध मारणारे बरेच असतात, त्यांनी पान उलटण्याची सवय लावावी.

बुधवार
दुपारनंतर ढग फुटले, वारा उत्तरेचा झाला. छतावरच्या सोलरचं पाणी कोमटच, कारण दोन दिवस ऊन नव्हतं.

गुरुवार
आकाश निरभ्र, रात्री नऊनंतर वाराही पडला. हीच खरी थंडीची रात्र. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे, हवा कोरडी, त्यामुळे जमिनीची उष्णता बिनअडथळा निघून जाते. गार हवा जड असते, ती खोलगट भागात, नदीकाठच्या शेतात साचते. म्हणून निफाडच्या कुंदेवाडीत गहू संशोधन केंद्रावर पारा नाशिक शहरापेक्षा बऱ्याचदा खाली दिसतो. शहरात सिमेंट-डांबर रात्रभर थोडी थोडी ऊब सोडत राहतात, कुंदेवाडीत उघडी शेती.

बातम्यांतला आकडा वाचताना एक ध्यानात ठेवावं. तापमापी जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंच, पांढऱ्या झडपांच्या पेटीत असते. गवताच्या पात्याजवळ त्याहून काही अंश कमी भरतात. म्हणूनच पारा तीन-चार अंशांवर असतानाही गवतावरचं दव गोठून पांढरं दिसतं, आणि ‘शून्य कुठे होतं?’ असा वाद गावच्या पारावर रंगतो.

हवामान खात्याच्या निकषाने मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा खाली आणि सरासरीपेक्षा ४.५ अंश तरी कमी असेल तर थंडीची लाट. ४ अंश वा खाली गेलं तर सरासरी न बघताही लाटच.

शुक्रवार
पाणी उतरलेल्या, म्हणजे पिकू लागून मऊ झालेल्या, मण्यांचे हाल. जमीन ऊबदार असते, मुळं पाणी ओढत राहतात, पानांतून बाष्पीभवन रात्री जवळजवळ थांबलेलं. मण्यात दाब वाढतो, गारठलेली साल ताणत नाही आणि मणी तडकतो. तडकलेल्या जागी रस, रसावर मुंग्या, मग बुरशी, शेवटी अख्खा घड. वेल तहानलेला ठेवून अचानक भरपूर पाणी देणं सगळ्यात वाईट. ठिबक रोज थोडं थोडं चालवावं, माती एकसारखी ओलसर राहिली पाहिजे. ओली माती दिवसाची उष्णता जास्त साठवते, विहिरीचं पाणीही हवेपेक्षा ऊबदार असतं.

थंडीपासून बाग वाचवायला लावतात त्या शेकोट्यांचं थोडं सविस्तर. लोक ओला पाचट टाकून नुसता धूर करतात. खरं काम धूर करत नाही, उष्णता करते. एक मोठा जाळ केला तर गरम हवा सरळ वर निघून जाते आणि बाजूची गार हवा आत ओढली जाते. छोट्या छोट्या शेकोट्या ओळींच्या टोकाला, पसरून लावाव्यात. वारा असेल तर त्रास घेऊच नये. पहाटेचे तीन ते सूर्य वर येईपर्यंतची वेळ महत्त्वाची, कारण किमान तापमान बहुतेकदा सूर्योदयाच्या सुमारास असतं. ‘मध्यरात्री गार नव्हतं’ म्हणून झोपणारे इथेच फसतात.

शनिवार
दिवसा ऊन चटका देतंय, रात्री दात वाजतायत. दिवस-रात्रीच्या या तफावतीत हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा येते, पिंक बेरी. निर्यातीच्या मालाला ही छटा चालत नाही. उपाय म्हणजे पाणी उतरण्याच्या सुमाराला घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळणं. फार घट्ट गुंडाळला तर आत दव अडकतं, म्हणून खालून मोकळा ठेवायचा.

पांडवलेण्याच्या डोंगरावरून सकाळी शहर पाहिलं की धुराचा सपाट थर दिसतो. वर ऊबदार हवा, खाली गार, त्यामुळे धूर वर चढतच नाही. दम्याच्या माणसांनी फिरायला नऊनंतर निघावं.

थंडीत दहीही लवकर लागत नाही. दूध नेहमीपेक्षा जरा जास्त गरम असताना विरजण दुपटीने घालावं, भांडं पिठाच्या डब्यात ठेवावं.

रविवार
पश्चिमेला पिसांसारखे पांढरे ढग. रात्री ते दाट झाले तर किमान तापमान चढेल, शेकोट्यांचा सरपण-साठा तसाच राहील. मात्र भुरीची पाळी परत येईल. गंधक मारायचं तर दिवसाचं तापमान बघून, कडक थंडीत त्याचा परिणाम फारसा होत नाही आणि ३२ अंशांच्या वर उन्हात पानं भाजतात. सकाळी दव वाळल्यावर, दुपारी ऊन तापण्याआधी मारायचं.