तार बसवण्याआधीची भेट

"पहिल्याच दिवशी तार बसवणार का?" दात सरळ करण्याचं काम करते म्हटल्यावर हा प्रश्न ठरलेला. विचारणारी बहुधा आई असते आणि तिच्या मागून दबका आवाज येतो, "दुखेल का, ते विचार ना!" पहिल्या भेटीत नेमकं काय होतं, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आधी त्या मागच्या आवाजाला उत्तर: नाही, तपासणी दुखत नाही. पहिली भेट बघण्याची, मोजण्याची आणि बोलण्याची असते. तार त्या दिवशी सहसा बसत नाही.

मी तोंड उघडायला सांगण्याआधी चेहरा बघते. ओठ सहज मिटतात का, हनुवटी मागे आहे की पुढे, मूल श्वास नाकाने घेतं की तोंडाने. अंगठा चोखायची सवय होती का, पडून कधी दाताला मार लागला होता का, हेही विचारते. मोठी माणसंही उपचारासाठी येतात, त्यांनी रोजच्या गोळ्यांची यादी जरूर आणावी. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिली जाणारी काही औषधं दात सरकण्याच्या आड येतात.

मग "मागच्या दाढांवर चाव" म्हणते. वरची आणि खालची पहिली पक्की दाढ एकमेकींवर कशी बसते, यावरून अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये चाव्याचे वर्ग पाडले. आम्ही आजही तिथूनच सुरुवात करतो. या दाढेबद्दल मला फार कळकळीने सांगायचंय. ती साधारण सहाव्या वर्षी, दुधाचा एकही दात न पडता, सगळ्यात मागे उगवते. म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते आणि किडली तरी "पडणारच आहे" म्हणून सोडून देतात. ती पडणारी दाढ नाही. आयुष्यभराची आहे. मुलाला सातव्या वर्षाच्या आसपास एकदा दाखवा म्हणतात, त्यामागे हेही एक कारण आहे. त्या वयात उपचार लागतोच असं नाही, अनेकांना मी नुसतं "सहा महिन्यांनी या" सांगून परत पाठवते.

एक्स-रेचं मशीन डोक्याभोवती फिरतं, आपण फक्त स्तब्ध उभं राहायचं. त्यात जबड्यात दडलेले दात दिसतात. टाळूकडे आडवा झालेला वरचा सुळा बाहेरून कुणालाच कळत नाही, तो इथे सापडतो. दिवस गेले असतील तर एक्स-रेआधी सांगा. दातांच्या फोटोसाठी ओठ प्लास्टिकच्या पट्ट्यांनी ताणतात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना याचा फार संकोच वाटतो, तेव्हा नातेवाइकांनी थोडा वेळ बाहेर थांबलेलं बरं. दातांचं माप कुठे स्कॅनरने घेतात, कुठे ओल्या लगद्याने. लगदा असेल तर मान किंचित पुढे झुकवून नाकाने श्वास घ्यावा, उमासे कमी येतात.

कीड किंवा सुजलेल्या हिरड्या असतील तर आधी ते बरं करायचं, तार नंतर. यात वेळ गेला असं समजू नका.

शेवटी तुम्ही विचारा, आणि मोकळेपणाने विचारा. काहीच केलं नाही तर काय होईल? जागेसाठी दात काढावे लागतील का, आणि का? तार निघाल्यावर रिटेनर, म्हणजे दात पुन्हा सरकू नयेत म्हणून लावायचं साधन, किती वर्षं? दाताच्या एका बाजूचं हाड विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवं भरतं, तेव्हा दात सरकतो. म्हणूनच उपचाराला बहुधा दीड-दोन वर्षं लागतात.

आणि मुलाला बोलू द्या. एक आई मुलाच्या पुढे आलेल्या दातांबद्दल बराच वेळ सांगत होती. मी त्याला विचारलं, "तुला काय त्रास होतो?" तो म्हणाला, "खालचे दात वर टाळूला टोचतात." घरी तो हे कधीच बोलला नव्हता. त्याच्या कागदावर मी पहिली ओळ तीच लिहिली.