नोकरी गेली, गाडी गेली, पोरगा राहिला

रविवार, रात्री उशिरा

डेन्झेल वॉशिंग्टनचा पहिलावहिला सिनेमा म्हणजे चक्क कॉमेडी, एवढ्यावरच लावला. 'कार्बन कॉपी', १९८१ चा. तेव्हा हा २६ वर्षांचा आणि रोल १७ वर्षांच्या पोराचा, पण काडीसारखा अंगकाठीने आणि चेहऱ्यावर तो 'बघू आता काय करता' वाला भाव, त्यामुळे खपून जातं.

स्टोरी अशी की लॉस एंजेलिसजवळ सॅन मरिनो म्हणून बंगले, लॉन, क्लब अशी श्रीमंत गोरी वस्ती, तिथे वॉल्टर व्हिटनी हा बडा साहेब राहतो (जॉर्ज सीगल). नोकरी सासऱ्याच्या कंपनीत, ऐट सासऱ्याच्या जिवावर, बायकोशी नुसतं निभावून नेणं चाललेलं. आणि एक दिवस रॉजर नावाचा काळा पोरगा (हाच डेन्झेल) समोर येऊन उभा, म्हणे मी तुमचा मुलगा. लग्नाआधी वॉल्टरची एक काळी गर्लफ्रेंड होती, लॉरेन, तिचा. ती आता वारलीये.

वॉल्टर काय करतो, तर बायकोला खरं सांगतच नाही, गरीब पोराला थोडे दिवस घरात ठेवू, तेवढंच धर्माचं काम, अशी पुडी सोडतो. पुण्य म्हणून काळा पोरगा चालतो, रक्ताचा म्हणून नाही! खरं कळल्यावर मग बायको, नोकरी, गाडी, क्रेडिट कार्ड, मित्र, सगळं धडाधड जातं, आणि कालचा सूटबूटवाला साहेब घोड्यांची लीद उपसायला लागतो. सासरा म्हणजे जॅक वॉर्डन, आवाज न चढवता माणसाला रस्त्यावर आणतो, मला तर तोच सगळ्यात भारी वाटला.

पण मला खरं धरून ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. हा वॉल्टर मुळात ज्यू आहे आणि सासऱ्याच्या जगात टिकायचं म्हणून नाव बदलून बसलाय. म्हणजे याची सगळी साहेबी लपवण्यावर उभी. आपल्याकडे भाड्याची खोली बघायला गेलं की 'पूर्ण नाव काय म्हणालात?' असं गोड आवाजात विचारतात ना, ते कशासाठी विचारतात हे ज्याला माहितीये त्याला वॉल्टरची धाकधूक लगेच कळेल. फरक एवढाच की आडनाव बदलता येतं, रॉजरने काय बदलायचं? बापाला गोऱ्यांच्यात बेमालूम मिसळायची सोय होती, ती पोराला नाहीच, आणि हे भाषण न देता नुसतं त्या दोघांना शेजारी शेजारी चालवून दाखवलंय.

आणि तो बास्केटबॉलचा सीन! खिसा रिकामा व्हायला आलाय, वॉल्टर उरल्यासुरल्या पैशांची पैज लावतो, कारण आपला पोरगा काळा आहे म्हणजे बास्केटबॉल येणारच, विचारायचं काय त्यात. आणि रॉजरला ओ की ठो येत नाही. बॉल भलतीकडेच, बापाचा चेहरा पडलेला. मी मोठ्याने हसले आणि मग जरा चपापले, कारण पोरगा जिंकेल असं मीही धरूनच चालले होते.

दिग्दर्शक मायकेल शुल्ट्झ स्वतः काळा, 'कूली हाय' आणि 'कार वॉश' वाला, पण लेखक स्टॅनली शपिरो म्हणजे 'पिलो टॉक' साठी ऑस्कर मिळालेला जुन्या हॉलिवूडचा माणूस. त्यामुळे काही जोक अगदी शिळे, काही आज ऐकवत पण नाहीत, मधे वीसेक मिनिटं तर सिनेमा नुसता रेंगाळतो.

माझं खरं भांडण शेवटाशी आहे. शाळा सोडलेला, उनाड वगैरे वाटणारा रॉजर प्रत्यक्षात हुशार निघतो, डॉक्टर व्हायच्या वाटेवर. अरे का? १९६७ ला 'गेस हूज कमिंग टू डिनर' मध्ये सिडनी पॉटिए या काळ्या नटाला गोऱ्यांच्या घरात जावई म्हणून न्यायचं तर जगप्रसिद्ध डॉक्टर करावा लागला, १४ वर्षांनी पोरगा म्हणून न्यायचं तरी परत डॉक्टरच! खरंच शाळा सोडलेला, कामधंदा नसलेला, चिडका पोरगा असता तर वॉल्टर त्याच्यासोबत राहिला असता का, तिथे खरी परीक्षा होती. गोऱ्या घरातला ढ पोरगा तसाच चालतो की, बापाची कंपनी असते ना त्याला. आणि हा सिनेमा क्लासवर पण बोलायला निघाला होता म्हणून जास्त राग आला.

आणि लॉरेन. रॉजर जन्मला तेव्हा अमेरिकेतल्या कितीतरी राज्यांत गोऱ्या-काळ्यांचं लग्नच बेकायदेशीर होतं, १९६७ ला सुप्रीम कोर्टाने ती बंदी उडवली तेव्हाही १६ राज्यांत ती होती. तसल्या काळात एकटीने पोरगा वाढवला तिने, तोही असा हजरजबाबी. आणि सिनेमात ती काय, तर आधीच वारलेली एक आठवण. तिच्याबद्दल बापलेकांत थोडंफार बोलणं होतं, वॉल्टर जरा हळवा होतो आणि पुन्हा गंमतजंमत सुरू. पोराऐवजी ती स्वतः येऊन समोर उभी राहिली असती तर वॉल्टरला एक जोक सुचला नसता, म्हणूनच बहुतेक लेखकाने तिला आधीच मारून टाकली.