अतिपिळाचा बाणा आणि कापडाचा उठाव : कामाची नोंद

वॅफल विणीचे काम सध्या बाजूला ठेवले आहे. त्या विणीत मागाच्या चार वह्यांवर, म्हणजे उभे धागे उचलणाऱ्या चौकटींवर, सहा धाग्यांचा एक खण पडतो, खणाच्या कडेने लांब तरंगते धागे वर उचलले जातात आणि मधला घट्ट भाग खाली बसतो. पंचासाठी ती उत्तमच आहे, परंतु मला उठाव विणीच्या रचनेतून नव्हे, तर सुताच्या पिळातून मिळवायचा होता. म्हणून वीण साधीच ठेवून केवळ बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यांत, अतिपिळाचे (नेहमीपेक्षा बरेच जास्त पीळ दिलेले) सूत घातलेले नमुने विणत आहे.

२० नंबरच्या (नंबर म्हणजे सुताच्या बारीकपणाचे माप) एकपदरी सुताला एरवी इंचाला १८च्या आसपास पीळ असतात. बाजारातले असे सूत सहसा झेड पिळाचे असते, म्हणजे त्याचा पीळ Z अक्षराच्या मधल्या रेघेसारखा तिरपा दिसतो, त्यामुळे ते चरख्यावर त्याच दिशेने पुन्हा चालवून मी ३०पर्यंत पीळ चढवला. एस पिळाचे, म्हणजे उलट दिशेने पिळलेले, सूत मात्र पेळूपासूनच, चाक उलटे फिरवून, कातावे लागते. दोन्ही सुते दिसायला सारखीच असल्याने गिरण्यांमध्ये त्यांना धुतल्यावर निघून जाणारे वेगवेगळे रंग देतात. ती युक्ती घरीही अवश्य वापरावी.

मागावर हे कापड अगदी सपाट दिसते, कारण ताण धाग्याला हलू देत नाही. कापड उतरवून कोमट पाण्यात सोडले की कापसाचे तंतू फुगतात, धागा जाड होऊन आखडू लागतो आणि पीळ उलगडायला धडपडतो. विणीत अडकल्यामुळे तो पुरता उलगडू शकत नाही, म्हणून नागमोडी वळतो आणि ताण्याला (उभ्या धाग्यांना) सोबत ओढून घेतो. त्याला वळायला मोकळी जागा हवी, आणि माझ्या मते या तंत्राचे निम्मे यश त्या जागेवरच अवलंबून आहे. दुपदरी २० नंबरच्या ताण्यात इंचाला २४ धागे भरले तेव्हा कापड थोडेसे आटले आणि नुसतेच कडक झाले. तोच ताणा इंचाला १६ धाग्यांवर आणल्यावर मागाच्या फणीत, म्हणजे विणताना, ४० सेंटिमीटर असलेली रुंदी धुतल्यानंतर २४ सेंटिमीटर उरली आणि ताण्याच्या दिशेने बारीक, लवचिक चुण्या पडल्या.

हा परिणाम सगळा बाणा एकाच पिळाचा असल्याचा आहे. दोन झेड, दोन एस असे धागे आलटून पालटून घातले की परस्परविरोधी ओढ वाटली जाते आणि चुण्यांऐवजी क्रेपसारखा दाणेदार पृष्ठभाग मिळतो. जपानमध्ये निइगाता भागातील ओजिया-चिजिमी या रॅमीच्या (एका वनस्पतीच्या तंतूच्या) कापडातही बाण्याला जादा पीळ देतात आणि विणल्यानंतर ते गरम पाण्यात मळून सुरकुत्या उठवतात. २००९मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत त्या परंपरेचा समावेश झाला. मी मात्र मळत नाही. पहिल्या पाण्यात कापड नुसते पडू द्यावे आणि न ताणता आडवे वाळवावे, हे मला अधिक सुरक्षित वाटते. इस्त्रीने चुण्या मोडल्या तरी पुन्हा भिजवल्यावर त्या परततात.

सुताला आढ्या (पीळ उसळून पडणारे वेढे) पडू नयेत म्हणून कांड्या, म्हणजे बाण्याचे सूत गुंडाळलेल्या नळ्या, वाफवून घेतो आणि त्या ज्यात बसतात त्या धोट्यात फरचा तुकडा चिकटवतो, म्हणजे धागा सैल सुटत नाही. आता मागावर चार बोटे साधा बाणा आणि चार बोटे अतिपिळाचा बाणा असे आडवे पट्टे चालू आहेत. अतिपिळाचा पट्टा आटला की साध्या पट्ट्याला फुगून वर येण्यावाचून वाव राहणार नाही आणि काठ लाटांसारखा वळेल, असा अंदाज आहे. पट्ट्यांची रुंदी किती ठेवायची, ते हा तुकडा भिजल्यावर ठरवीन.